मामाचा भाता

जुलैमध्ये लोणावळ्याहून शेंगदाण्याची चिक्की आणा, पाकीट फोडा आणि उरलेली तशीच ताटलीत ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी ती बोटांना चिकटते, तिसऱ्या दिवशी वाकते. गुळाचा पाक हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि आमच्या मावळात त्या दिवसांत हवेत पाणी सोडून फारसं काही नसतं. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पर्यटकही तेव्हाच येतात. म्हणजे ज्या महिन्यांत चिक्की सगळ्यात जास्त खपते, त्याच महिन्यांत ती सगळ्यात लवकर मऊ पडते.

बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांसाठी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची, तिचीच पुढे चिक्की झाली असं लोणावळ्यात सांगतात. मजूर ती घेऊन लगेच खात असणार, त्यामुळे ती किती दिवस टिकते हा प्रश्न नसावा. आता तीच चिक्की डोंबिवलीला, तिथून सुरतेला आणि कुणाच्या तरी बॅगेतून न्यू जर्सीला जाते. सगळी मदार पाकिटाच्या दोन टोकांवर असते.

त्या टोकांवर माझ्या मामानं बरीच वर्षं घालवली आहेत.

मामाचं कामशेतला छोटं वर्कशॉप आहे. आयटीआय फिटर. पिंपरीतल्या एका कंपनीत नोकरी, ती कंपनी बंद, मग स्वतःचं शेड. जुनी पॅकिंग मशिनं आणायची, खोलायची, दुरुस्त करून चिक्कीवाल्यांना, फरसाणवाल्यांना द्यायची. मशीन ‘फ्लो रॅप’ जातीचं. तुम्ही बिस्किटाचा किंवा चॉकलेटचा उशीसारखा पुडा पाहिला असेल, तो ह्या मशीनचा. फिल्मचा रोल उलगडत येतो, दुमडून त्याची नळी होते, साखळीवरून एकेक चिक्की त्या नळीत ढकलली जाते, नळीची पाठ गरम चाकांमध्ये चिकटते, आणि शेवटी दोन गरम जबडे दोन चिक्क्यांच्या मधल्या जागेत येऊन फिल्म चिकटवतात आणि कापतात. मिनिटाला शंभरेक पुडे सहज.

अडचण त्या मधल्या जागेत आहे. चिक्की ठिसूळ असते. साखळीवर हादरे बसले की दाण्याचे कण, सालपटं सुटतात आणि नेमकी जबड्यांच्या जागी जाऊन बसतात. सीलमध्ये एक कण अडकला की त्याच्या शेजारी केसाएवढी वाट राहते. पुडा बाहेरून छान दिसतो. आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन येतो.

मामानं काय केलं, तर नळीच्या आतून जबड्यांच्या जवळपर्यंत एक चपटी, पातळ स्टीलची पट्टीवजा नळी सोडली. तिच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरच्या गिअरच्या दांड्याखाली असतं तसं घड्यांचं रबरी बूट बसवलं. जबडा खाली येताना त्याचाच दांडा ते बूट दाबतो. फुस्स. कण पुढच्या चिक्कीकडे ढकलले जातात आणि मोकळ्या जागेवर जबडा बंद होतो. वायर नाही, सेन्सर नाही, कॉम्प्रेसर नाही. फुंकर आणि जबडा एकाच दांड्यावर असल्यामुळे वेळ चुकायचा प्रश्नच येत नाही. मामा त्याला ‘भाता’ म्हणतो. २०१९ च्या पावसाळ्यात पहिला बसवला, नंतर लोणावळा, कार्ला, वडगाव मिळून सात मशिनांवर.

मी पेटंट एजंट आहे. इंजिनिअरिंग केलं, परीक्षा दिली, आता पुण्यात एका छोट्या ऑफिसात इतरांच्या शोधांची वर्णनं लिहिते. दोन वर्षांपूर्वी पेटंट ऑफिसच्या साइटवर दुसऱ्याच कामासाठी शोधाशोध करताना एक अर्ज समोर आला. एका कंपनीचा, नाव इथे सांगत नाही. ठिसूळ खाद्यपदार्थांसाठी फ्लो रॅप मशीन, फिल्मच्या नळीच्या आत एक वायुवाहक नळी, आणि जबडा बंद होण्याआधी कणांना हटवणारा हवेचा झोत. झोत कॉम्प्रेसरचा, मध्ये हवा कोरडी करणारा ड्रायर, आणि सेन्सरवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. तारीख २०२२ ची.

त्यांनी मामाचं चोरलं असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. कण सगळ्यांच्याच सीलमध्ये अडकतात. पण पेटंट मिळालं असतं तर वीस वर्षं फ्लो रॅपमध्ये आतून फुंकर मारणाऱ्या कुणालाही त्यांचं पत्र आलं असतं. त्यांच्या दाव्याची भाषा रुंद होती, आणि भाता त्यात बसतो की नाही ह्यावर वकिलांनी दोन्हीकडून फी घेतली असती. मामाला ती परवडणार नव्हती, आणि सात चिक्कीवाल्यांनी पत्र बघूनच भाता काढून टाकला असता.

भारतीय कायद्यात ह्यावर एक सोय आहे. पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही, अगदी कुणीही, कलम २५(१) खाली लेखी विरोध नोंदवू शकतं. कारणांची यादी कायद्यातच आहे. अर्जातली गोष्ट जशीच्या तशी आधीच वापरात होती, हे एक कारण. ते आम्हाला पूर्ण लागू पडत नव्हतं, कारण भाता म्हणजे कॉम्प्रेसर-ड्रायर-व्हॉल्व्ह नव्हे. त्यांचं मशीन कागदोपत्री ‘नवीन’ होतं. उरलं पोटकलम (ई): तारखेच्या आधी भारतात जे वापरात होतं ते पाहता ही गोष्ट उघड आहे, आणि तिच्यात स्पष्टपणे ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ नाही.

‘उघड’ म्हणजे काय, ह्यावर आमच्या धंद्याचा निम्मा पगार निघतो. कोड्याचं उत्तर कळलं की ते सोपंच वाटतं. म्हणून कायदा विचारतो, की उत्तर माहीत नसलेल्या, पण आपल्या कामात मुरलेल्या माणसाला हे त्या तारखेला सुचलं असतं का? हा माणूस काल्पनिक आहे. त्यानं त्या विषयातलं सगळं वाचलेलं असतं, त्याला हातानं काम येतं, पण प्रतिभा नसते. मला हा माणूस कायम मामासारखा दिसत आलाय, फक्त मामानं काहीच वाचलेलं नाही आणि उरलेल्या अटीबद्दल पुढे सांगते.

आपल्याकडे ह्यावरचा पायाभूत निकाल भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजनं १९५१ मध्ये एक पेटंट घेतलं. धातूची भांडी लेथवर फिरवून घासताना, कातताना ती घट्ट धरून ठेवायची पद्धत. आधी भांडी सुटून उडायची, कारागिराला धोका असायचा. नव्या रचनेत काम जलद आणि सुरक्षित झालं. मिर्झापूरच्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम ह्या फर्मशी त्यावरून वाद झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, खंडपीठानं ते परत दिलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर १९७८ ला पुन्हा रद्द केलं. तेव्हा पेटंटची मुदत सोळा वर्षं असायची, म्हणजे निकालाच्या आधीच ती उलटून गेली असणार. न्यायमूर्ती सरकारियांच्या निकालाचा मथितार्थ असा: जुन्याच साधनांत वर्कशॉपमध्ये होते तेवढी सुधारणा पेटंटला पुरत नाही. कसोटी त्या क्षेत्रातल्या निपुण कारागिराची किंवा इंजिनिअरची, नुसत्या हातकाम करणाऱ्याची नव्हे.

हा निकाल मी कितीदा वापरला असेन याचा हिशोब नाही. पण ‘वर्कशॉपमधली सुधारणा’ हे शब्द कामशेतच्या शेडमध्ये बसून वाचले तेव्हा ते ऑफिसात वाटायचे तेवढे निर्जीव वाटले नाहीत. शेजारी मामा ग्राइंडर चालवत होता.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. कपड्यांना किमतीची चिठ्ठी अडकवणारा प्लास्टिकचा दोरा असतो ना, दुकानातून आणल्यावर आपण दातानं तोडतो तो. त्यात खाचा ठेवण्याच्या एका रचनेचा ॲव्हरी डेनिसन कंपनीचा अर्ज पेटंट ऑफिसनं फेटाळला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी ४ नोव्हेंबर २०२२ ला तो निर्णय फिरवला. गोष्ट साधी आहे म्हणून ती उघड ठरत नाही. जुनी माहिती कैक वर्षं सगळ्यांसमोर पडून असेल आणि तरी तो छोटासा बदल कुणी केला नसेल, तर तो काळच शोधाच्या बाजूनं बोलतो. म्हणजे उद्या कंपनीचा वकील हेच म्हणणार: फ्लो रॅप मशिनं इतकी जुनी, कॉम्प्रेसर त्याहून जुना, मग आमच्या आधी कुणी का नाही केलं?

(इथे मला नेहमी टेट्रा पॅक आठवतं, कारण कान्हे फाट्यावरून आत टाकव्याला त्यांचा कारखाना होता आणि आमच्या गावातले काहीजण तिथे कामाला जायचे. स्वीडनच्या लुंड शहरात १९४४ मध्ये एरिक वॉलेनबर्ग नावाच्या तरुण सहायकाला कागदाच्या नळीपासून चौफलकी पुडा करायची कल्पना सुचली. पेटंट अर्ज मालक रूबेन राउसिंग यांच्या नावानं गेला. नळी सलग दुधानं भरत राहायची आणि दुधाच्या पातळीखालीच, दुधातूनच सील मारायचं, ही युक्ती राउसिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी सॉसेज भरण्यावरून सुचवली असं सांगतात. गरम जबड्यांनी दुधाला जळका वास लागेल अशी शंका होती. करून पाहिलं, तसं झालं नाही. सॉसेज तर सगळ्या स्वीडनला ठाऊक होतं. वॉलेनबर्गना तिथल्या अभियांत्रिकी अकादमीचं मोठं सुवर्णपदक मिळायला १९९१ उजाडलं.)

तर, मला ठरवायचं होतं: भात्यापासून कॉम्प्रेसरपर्यंतची उडी उघड आहे का? आणि ते सांगणारं शपथपत्र मामाकडून घ्यायचं होतं.

पहिला मसुदा मी पुण्यात लिहून नेला. त्यात एक वाक्य होतं: ‘सीलच्या जागेवरील कण हवेच्या झोताने हटवणे हे या क्षेत्रातील कोणत्याही कारागिराला सहज सुचण्यासारखे आहे.’ वाक्य आमच्या बाजूचं होतं. कंपनीच्या अर्जाचा सगळा डोलारा पाडणारं. मामानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

“कोणत्याही म्हणजे?”

“म्हणजे तुझ्यासारख्या कुणालाही.”

“मग लोणावळ्यात एवढी मशिनं आहेत. कुणी केलं सांग. मुंबईहून मेकॅनिक यायचे, दिवसाचे तीन-तीन हजार घ्यायचे, जबड्याचं टेंपरेचर वाढवून जायचे. फिल्म जळायची. मी सही नाही करणार ह्याच्यावर.”

मी त्याला समजावलं की हे फक्त कायद्याचं बोलणं आहे. तो म्हणाला, “खोटं ते खोटंच की गं.” मामी आतून चहा घेऊन आली, तिनं कागदाकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली. मामीला माहीत होतं, त्या भात्यासाठी किती रात्री शेडमध्ये दिवा जळत होता.

मग मी मसुदा बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, भाता कसा सुचला. हे आधी कधी विचारलंच गेलं नव्हतं, आमच्या घरात कुणी कुणाला असं विचारत नाही.

“आधी कॉम्प्रेसरच लावला होता,” तो म्हणाला.

मी पेन उचललं.

एका गॅरेजवाल्याचा जुना कॉम्प्रेसर त्यानं महिनाभर आणून ठेवला होता. आतून नळी सोडली, पायानं दाबायचा व्हॉल्व्ह बसवला. कण हटले. पण पावसाळी हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. नळीच्या तोंडातून फुंकरीबरोबर थेंब उडायचे, थेट चिक्कीवर. चिक्की कोरडी ठेवण्यासाठी केलेली सोय तिला भिजवायला लागली. म्हणून कॉम्प्रेसर परत दिला आणि नुसती हवा हलवणारा, न दाबणारा भाता शोधला.

ऐकताना मला आनंदही होत होता आणि घामही फुटत होता. आनंद अशासाठी की कॉम्प्रेसर ही त्याची पहिली कल्पना होती, म्हणजे ती उघड होती ह्याहून चांगला पुरावा कुठला? घाम अशासाठी की पुढचं वाक्यही शपथपत्रात लिहावं लागणार: प्रयोग फसला, कारागिरानं नाद सोडला. कंपनीचा वकील तेवढंच उचलेल. बघा, ह्यांचा निपुण माणूस ज्या पाण्यापाशी अडला, ते आम्ही ड्रायर लावून सोडवलं, हीच आमची इन्व्हेंटिव्ह स्टेप. अर्धंच लिहिणं मला जमलं असतं. पण सुनावणीत उलट प्रश्न आला असता तर मामानं सगळं खरं सांगितलं असतं, आणि तेच बरोबर असतं.

“ड्रायर लावायचं नाही सुचलं तुला?” मी विचारलं. खरं तर हा प्रश्न मी घाबरतच विचारला.

मामा माझ्याकडे असा बघायला लागला की मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाची मुलगी आहे. “अगं, ड्रायर काय सुचायचा? तो कॉम्प्रेसरवाला स्वतःच म्हणतो, घ्या. किंमत विचारली होती मी. तळेगावला.”

मागच्या कपाटात, बेअरिंगच्या डब्यांखाली, बिलांची एक फाइल होती. तिच्यात एका हवायंत्रं विकणाऱ्या दुकानाचं कोटेशन निघालं. सप्टेंबर २०१९. एक कॉम्प्रेसर, एक एअर ड्रायर, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, एक सेन्सर. कंपनीनं २०२२ मध्ये मागितलेल्या दाव्याचे सगळे भाग, ओळीनं, जीएसटीसकट. खाली मामाच्या अक्षरात पेन्सिलनं मशीनची विक्रीची किंमत लिहून तिच्याशी बेरीज-वजाबाकी केलेली, आणि मोठी फुली.

त्या फुलीपाशी माझा निर्णय झाला. ‘कुणी का नाही केलं’ ह्याची उत्तरं दोन असू शकतात. सुचलं नाही, किंवा परवडलं नाही. दिल्लीच्या निकालातला काळ पहिल्याला लागू पडतो, दुसऱ्याला नाही. लोणावळ्याचा छोटा चिक्कीवाला मशीनच्या निम्म्या किमतीचा ड्रायर घेणार नव्हता, एवढाच त्या तीन वर्षांच्या शांततेचा अर्थ होता. दुकानाचं कोटेशन म्हणजे काही छापून प्रसिद्ध झालेला दस्तऐवज नव्हे, त्यामुळे ते एकटं कुणाचं पेटंट अडवू शकत नाही. पण वापरात होता तो भाता, आणि भात्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं पुढे कुठे जातं ते हे कोटेशन दाखवत होतं. तो माणूस कल्पनेतला नव्हता, त्याच्या हातावर ग्रीस होतं.

आणि भाता? तो उघड होता का? ह्याचं उत्तर विरोधासाठी लागत नव्हतं, पण मला हवं होतं. सगळे सुटे भाग जुने. नायट्रोजन भरायला फ्लो रॅपच्या आतून नळी सोडतात, ते मोठ्या कारखान्यांत चालतं. भाता लोहाराकडे असतो. वेफर्सच्या उभ्या मशिनांत सीलच्या जागेवरून चुरा हटवणाऱ्या पट्ट्या असतात. मिर्झापूरच्या कसोटीवर एखादा कडक अधिकारी म्हणाला असता, वर्कशॉपमधली सुधारणा, पुढे चला. मला तसं वाटत नाही. हवा हवी पण दाब नको, हे पाण्याचे थेंब बघून कळायला आणि वेळ साधायचं काम त्याच दांड्यावर टाकायला, कल्पनेतल्या त्या प्रतिभाहीन माणसाहून थोडं जास्त काहीतरी लागतं. जर्मनीत आणि चीनमध्ये अशा छोट्या सुधारणांसाठी कमी मुदतीचं, हलक्या कसोटीचं वेगळं संरक्षण आहे. आपल्याकडे नाही. आपल्याकडे पूर्ण पेटंट, नाहीतर काही नाही. आणि सात मशिनांवर उघड चालून इतकी वर्षं झाल्यावर भात्यासाठी तेही दार बंद झालंय. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मला कुठं कुणाला अडवायचंय? मला कुणी अडवू नये बास.”

उरलं पुराव्याचं. भाता २०१९ मध्ये चालू होता आणि लोकांना दिसत होता, हे दाखवायचं. एका चिक्कीवाल्यानं गिऱ्हाइकांना बघता यावं म्हणून पॅकिंगच्या खोलीला काच लावलेली आहे, लोक तिथे उभे राहून रील काढतात. त्याच्या फोनमध्ये ऑगस्ट २०१९ चा बावीस सेकंदांचा व्हिडिओ सापडला. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज आहे की भात्याची फुस्स ऐकू येत नाही, पण रबरी बूट दबताना स्वच्छ दिसतं. तिघांनी पत्रं दिली. एकानं ‘कशाला भानगड’ म्हणून नाही दिलं, त्याचंही बरोबर आहे.

शपथपत्र आम्ही नव्यानं लिहिलं, ह्या वेळी शेडमध्ये बसून, त्याच्या शब्दांत. कॉम्प्रेसर, थेंब, कोटेशन, फुली, सगळं. ‘सहज’ हा शब्द मामानं एका जागी ठेवू दिला आणि एका जागी खोडला. कॉम्प्रेसर-ड्रायरच्या वाक्यात तो आहे. भात्याच्या वाक्यात त्याच्या जागी मामानं सांगितलं ते लिहिलंय: ‘हे मला चौथ्या प्रयत्नात जमले.’ वडगावला नोटरीकडे सही झाली, विरोध दाखल झाला. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.

मामाचं सध्या राजगिऱ्याच्या चिक्कीवर चाललंय. राजगिऱ्याचा चुरा फार हलका, फुंकरीनं पुढे जातो आणि नळीत फिरून पुन्हा जबड्यापाशी येतो. गेल्या रविवारी त्यानं मला एक गोष्ट करून दाखवली. मी शेडचं शटर अर्धं खाली ओढलं, तारीख घालून चार फोटो काढले आणि त्याला म्हटलं, मी कागद तयार करेपर्यंत हे लोणावळ्याला न्यायचं नाही. तो म्हणाला, “बुधवारी ट्रायल आहे माझी तिथं.” म्हणून हा लेख पाठवून मी आता तेच लिहायला बसतेय, आज सोमवार आहे.